सहाय्यक व्यवस्थापक : पदनाम आणि 'कामगार' ही संज्ञा

दिघाशीसारख्या भिवंडी तालुक्यातील गावचा वाणिज्य पदवीधर मुंबईतील एखाद्या कॉफीगृह-साखळीत सहाय्यक व्यवस्थापक म्हणून रुजू झाला की आपण प्राध्यापक त्याचे अभिनंदन करतो. त्या पदनामाचा कायदेशीर अर्थ मात्र क्वचितच सांगतो.

कॅफे कॉफी डेची सुरुवात १९९६ मध्ये बंगळुरूत झाली. टाटा-स्टारबक्सचे पहिले दालन ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळ उघडले. अशा दालनात सहाय्यक व्यवस्थापकाचे काम दुहेरी असते. पाळ्या लावणे, साठा मोजणे, गल्ला जुळवणे हे एक; गर्दी झाली की स्वतः यंत्रापाशी उभे राहून कॉफी करणे, टेबले पुसणे हे दुसरे.

मग तो कामगार की व्यवस्थापक? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणारी व्यक्ती 'कामगार' ठरत नाही. दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षकही नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातूनही अशी पदे वगळलेली आहेत. तेथे जादा कामाच्या दुप्पट वेतनाचा हक्क सुटतो.

कॅरोना साहू प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने पदनाम नव्हे, प्रमुख काम पाहावे असे सांगितले. तरीही पादत्राणांच्या दुकानाचा व्यवस्थापक कामगार ठरला नाही, कारण दुकानाचा कारभार त्याच्याच हाती होता. सहाय्यकाच्या हाती तो कितपत असतो? रजा कोण मंजूर करतो, यंत्रापाशी किती तास गेले, याची रोजची नोंद विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून ठेवावी. वाद उद्भवल्यास नियुक्तिपत्राहून तीच अधिक उपयोगी पडेल.