दोन गाड्यांमधलं अंतर, डब्यातली गर्दी



तुआसला पाळीवर जाताना डब्यात नीट उभं राहता येईल का, हे ठरतं दोन गाड्यांमधल्या अंतरावर. कसं, ते आज पाहू.

पूर्व-पश्चिम मार्गिकेवर सहा डब्यांची गाडी धावते. फलाटांची लांबी ठरलेली, म्हणून डबे वाढवता येत नाहीत. गाड्या वाढवता येतात. दर १२० सेकंदांनी गाडी सोडली तर तासाला ३०, दर १०० सेकंदांनी सोडली तर ३६. तेवढीच माणसं ३६ गाड्यांत विभागली, की प्रत्येक गाडीत सहामागे एक माणूस कमी.

जुन्या सिग्नलमध्ये रुळांचे ठरावीक तुकडे असत. एका तुकड्यात गाडीचं शेपूट जरी असलं, तरी मागच्या गाडीला तिथे प्रवेश नाही. नव्या यंत्रणेत गाडी आपली जागा सतत कळवते, म्हणून मागची गाडी सुरक्षित अंतर राखून जवळ येऊ शकते.

मात्र हे गणित चुकलं तर? तुआसचा मार्ग १८ जून २०१७ला नव्या यंत्रणेवर सुरू झाला; अलीकडचा मार्ग तेव्हा जुन्यावरच होता. १५ नोव्हेंबरला जू कून स्थानकात उभ्या गाडीवर मागची गाडी आदळली. यंत्रणेने उभी गाडी सहाऐवजी तीनच डब्यांची धरली होती. तीसहून अधिक जण जखमी झाले. मग दोन्ही यंत्रणा वेगळ्या ठेवल्या, आणि जू कून ते गल सर्कल हा टप्पा २८ मे २०१८पर्यंत तुआसकरांनी बसने केला.

आपल्या मुंबईत हीच गोष्ट जिवावर बेतते. लोकलमध्ये ऐन गर्दीत एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे कॅरमबोर्डाहून थोड्या मोठ्या जागेत, १४ ते १६ माणसं उभी असतात. उरलेली दारात लोंबकळतात. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ असेच प्रवासी खाली पडून दगावले. म्हणूनच तिथेही अशी सिग्नल यंत्रणा बसवण्याची योजना आहे.

जाता जाता दोन गोष्टी. काही गाड्या जू कूनलाच संपतात, तेव्हा तुआसला जाणाऱ्यांनी चढण्याआधी फलकावर ‘तुआस लिंक’ वाचून घ्या. आणि कामाच्या दिवशी सकाळी ७:४५च्या आत कार्ड लावलं तर भाड्यात सवलत मिळते, गर्दीही टळते.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून प्रवास करा!