दोन पानं, एकसष्ट भाग आणि एक न मिटलेला वाद

शाळांना सुट्टी लागली की आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरून भांडण ठरलेलं. यंदा भांडण यादीवरून झालं. पंधरा वर्षांची लेक आणि अकरा वर्षांचा मुलगा, दोघांनी मिळून ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ ही ॲनिमेशन मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. सगळे ६१ भाग. मग दोघांनी वहीच्या एकेका पानावर आपापले सर्वोत्तम दहा भाग लिहून काढले. पानं शेजारी ठेवली, तर दहांतली तीनच नावं सारखी निघाली. “अम्मी, तूच सांग कोण बरोबर,” म्हणत दोघं स्वयंपाकघरात आले.

आता निवाडा करायचा तर मुद्देमाल पाहायला हवा. रात्रीची झाकपाक झाली की रोज दोन-तीन भाग, असं करत मीही मालिका पूर्ण केली. घरात लहान मुलं असलेल्या बहिणींनी निदान ही मालिका काय आहे एवढं तरी माहीत करून घ्यावं, असं मला आता वाटतं.

मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनित्झको या दोन अमेरिकन चित्रकारांनी ही मालिका रचली. २००५ ते २००८ या काळात ती अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर दाखवली गेली. बरंचसं रेखाटन दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंत झालं. कथा काल्पनिक जगातली. तिथे काही माणसं पाणी, माती, आग किंवा हवा यांपैकी एका तत्त्वाला शरीराच्या हालचालींनी वळवू शकतात. अग्निराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी बाकीच्यांवर युद्ध लादलंय. बर्फात गोठून शंभर वर्षं झोपलेला आंग नावाचा बारा वर्षांचा पोरगा जागा होतो. चारही तत्त्वं वश करू शकणारा एकटा तोच, आणि त्याला हे ओझं नकोच आहे. मारामारी भरपूर आहे, पण ती हवेत हात उडवण्याची नाही. प्रत्येक तत्त्वाला चीनमधली एकेक खरी युद्धकला दिलीय. पाण्याची चाल ताई चीसारखी वाहती, मातीची हंग गारसारखी पाय रोवून केलेली. माझा मुलगा आठवडाभर गॅलरीत पाय रोवून उभा होता, ते यामुळे.

कथेत पुनर्जन्म आहे, नाना तऱ्हेचे आत्मे आहेत. आपल्या अकीद्यात न बसणाऱ्या या गोष्टी आहेत, हे मुलांना आधीच सांगून टाकलं. त्यांनी “माहितीये अम्मी, गोष्ट आहे ती,” असं म्हणून मला गप्प केलं.

तर याद्या. मुलाच्या पानावर पहिल्या चार जागी शेवटचे चार भाग. ‘सोझिन्स कॉमेट’ या नावाने चार तुकड्यांत सांगितलेला हा शेवट: धूमकेतू येतो, आगीची ताकद कैकपट वाढते आणि आंग अग्निराजा ओझाईशी लढतो. प्रेक्षकांच्या मतांवर चालणाऱ्या याद्यांचा कौलही साधारण असाच आहे. आयएमडीबीवर लोक प्रत्येक भागाला दहापैकी गुण देतात, त्यात शेवटचे दोन तुकडे अगदी वर आहेत. दुसऱ्या पर्वाचा अखेरचा ‘द क्रॉसरोड्स ऑफ डेस्टिनी’ही त्यांच्या जवळपास आहे. मुलगा खूश झाला. जग त्याच्या बाजूने होतं.

लेकीने मात्र पहिली जागा ‘झुको अलोन’ला दिली होती, दुसरी ‘द टेल्स ऑफ बा सिंग से’ला. एकात मोठी लढाई जवळजवळ नाही, दुसऱ्यात तर मुळीच नाही. समीक्षकांनी विचार करून लावलेल्या याद्या पाहिल्या, तर हेच दोन भाग पुन्हा पुन्हा वरच्या जागांवर भेटतात. म्हणजे तिच्या बाजूनेही वजनदार माणसं होती.

हा फरक का पडतो, यावर मी भांडी घासताना बराच विचार केला. एक कारण तर साधं हिशेबाचं आहे. मतांच्या यादीत शेवटचे चार तुकडे चार वेगळे भाग म्हणून मोजले जातात आणि वरच्या जागा अडवतात. यादी लिहिणारा माणूस चौघांना मिळून एकच जागा देतो, की लगेच तीन जागा रिकाम्या होतात. दुसरं कारण असं की, एकसष्टाव्या भागाला गुण द्यायला कोण येतो? ज्याने आधीचे साठ पाहिले तोच. ज्यांना मालिका आवडली नाही ते दहाव्या-बाराव्या भागालाच उठून गेलेले असतात. लग्नाच्या जेवणात शेवटच्या पंगतीला थांबलेल्यांनाच जेवण कसं होतं विचारलं, तर तारीफच ऐकू येणार. त्यात ते गुण एका भागाचे नसतात. अनेक रात्री सोबत घालवलेल्या माणसांना निरोप देताना जो गळा दाटतो, त्याचेही गुण त्यात मिसळलेले असतात.

समीक्षकाचं उलटं. त्याला एक भाग उचलून दाखवायचा असतो: बघा, एवढ्या वीस-बावीस मिनिटांत काय काय केलंय. मग ‘झुको अलोन’सारखा भाग वर येणारच. त्यात आंग आणि त्याचे सोबती नाहीतच. फक्त झुको आहे. हा अग्निराजाचा मुलगा. तेरा वर्षांचा असताना सेनापतींच्या बैठकीत नव्या शिपायांची बाजू घेऊन बोलला, म्हणून बापानेच त्याचा चेहरा भाजला आणि त्याला हाकलून दिलं. या भागात तो उपाशी, घोड्यासारख्या एका जनावरावर बसून शत्रूच्या मुलखात भटकतोय. एका शेतकरी कुटुंबात त्याला जेवण मिळतं. त्या घरातल्या लहान मुलाला तो गावगुंड शिपायांपासून सोडवतो, पण त्यासाठी आपली आग वापरावी लागते आणि तो कोण हे गावाला कळतं. ज्या मुलाला वाचवलं, तोच मुलगा त्याच्याकडे द्वेषाने पाहतो. झुको गावातून निघून जातो. गोष्ट संपली. माझ्या लेकीच्या वयाच्या मुलांना ती का भिडते, हे आयांना वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र कुठल्याच यादीत दिसत नाही. दुसऱ्या पर्वातले पंधरावा, सोळावा आणि सतरावा असे लागोपाठचे तीन भाग घ्या. पंधरावा तो ‘टेल्स ऑफ बा सिंग से’, समीक्षकांचा लाडका. सोळावा ‘अप्पाज लॉस्ट डेज’. आंगचा उडणारा बैल, अप्पा, चोरीला गेलाय आणि सर्कसवाल्याच्या हाती लागून हाल सोसतोय, ही गोष्ट त्या मुक्या जनावराच्या बाजूने सांगितलीय. प्राण्यांच्या हितासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या ह्यूमेन सोसायटीचा जेनेसिस पुरस्कार या भागाला मिळाला. सतरावा ‘लेक लाओगाय’. त्यातल्या ॲनिमेशनसाठी कोरियन कलाकार सांग-जिन किम यांना २००७ साली एमी पुरस्कार मिळाला. समीक्षक, प्राणिमित्र आणि एमीचे परीक्षक या तिघांनी तीन वेगळे भाग निवडले, आणि ते तिन्ही एका माळेतले शेजारचे मणी निघाले! पंधराव्याच्या शेवटी अप्पाच्या पावलाचा ठसा दिसतो, सोळाव्यात तो तिथवर कसा पोचला ते कळतं, सतराव्यात झुको त्याला सोडून देतो. माळेतला कोणता मणी सर्वोत्तम, हा प्रश्न विचारता येतो. पण मणी काढून हातात घेतला की माळ राहत नाही.

मुलांना मी हे ऐकवलं. लेक म्हणाली, “म्हणजे तू निवाडा टाळतेयस.”

टाळतच होते. पण एका रात्री वेगळंच घडलं. लेक ‘टेल्स ऑफ बा सिंग से’ पुन्हा पाहत होती आणि माझ्या सासूबाई तिथेच तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आधीचे चौतीस भाग पाहिलेले नव्हते आणि इंग्रजी त्यांना येत नाही. या भागात सहा छोट्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट आयरोहची. आयरोह म्हणजे झुकोचा काका, एके काळचा मोठा सेनापती, आता याच शहरात निर्वासित म्हणून चहा करणारा. दिवसभर तो बाजारात फिरतो. रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतो. चेंडूने कुणाची खिडकी फोडलेल्या मुलांना आधी सांगतो की माफी मागावी, आणि खिडकीवाल्याचा अवतार पाहिल्यावर सांगतो की पळा. लुटायला आलेल्या माणसालाच नीट उभं राहायला शिकवतो आणि चहा पाजतो. संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली एक तसबीर मांडतो. ती त्याच्या मुलाची, याच शहराच्या वेढ्यात मारल्या गेलेल्या. वेढा घालणारा सेनापती तो स्वतःच होता. मग सकाळचंच गाणं तो पुन्हा म्हणतो, पण रडत रडत.

सगळं मिळून चार-पाच मिनिटं. शेवटी पडद्यावर माको या अभिनेत्याच्या नावाने आदरांजली येते. आयरोहचा आवाज त्यांचा होता. २००६ च्या जुलैमध्ये, हा भाग दाखवला जाण्यापूर्वीच, ते वारले.

सासूबाईंच्या हातातली तसबीह थांबली होती. माझे थोरले दीर ऐन तारुण्यात गेले, त्याला आता बावीस वर्षं झाली. त्यांनी नातीला एवढंच विचारलं, “त्याचा मुलगा केवढा होता गं?” लेकीला उत्तर माहीत नव्हतं. ती उठून दादीच्या शेजारी जाऊन बसली.

माळेतला मणी काढला की माळ राहत नाही, असं मी ठामपणे सांगत होते. हा एक मणी चौतीस भागांची दोरी नसतानाही आपल्या जागी बसला. समीक्षकांचं म्हणणं मला त्या रात्री पटलं. मात्र त्यांच्या यादीतही एक लबाडी आहेच: पहिला-दुसरा क्रमांक देतात अख्ख्या भागाला आणि मनात असते ही एकच गोष्ट. त्याच भागातली आंगच्या प्राणिसंग्रहालयाची गोष्ट कुणाला आठवते सांगा!

तरीही माझा स्वतःचा पहिला क्रमांक दोघांच्याही पानाच्या वरच्या टोकाला नाही. तो शेवटाचा दुसरा तुकडा, ‘द ओल्ड मास्टर्स’. मतांच्या यादीत तो तिसऱ्या-चौथ्या तुकड्याच्या मागे पडतो, कारण खरी लढाई पुढे आहे. झुकोने याच काकाशी दगा केलेला असतो. आता तो काकाच्या तंबूबाहेर घुटमळतो, मग आत जाऊन काका जागा होईपर्यंत थांबतो आणि शब्द जुळवून माफी मागतो. आयरोह त्याला वाक्य पुरं करू देत नाही, ओढून कवेत घेतो. मी नेमकी इथे दोन वेळा मागे जाऊन पाहिलं. आपल्या घरांतून माफी मागायचे शब्द वर्षानुवर्षं जुळवत बसलेली माणसं मला माहीत आहेत. समोरचा कवेत घेईल याची खात्री नसते, म्हणून ती तंबूबाहेरच राहतात.

याला जोडून मुलांच्या दोन्ही पानांवर असलेला एक भाग सांगते, ‘द सदर्न रेडर्स’. कटारा ही आंगची सोबतीण आपल्या आईच्या मारेकऱ्याला शोधत जाते. सापडतो तेव्हा तो म्हातारा, आईची बोलणी खाणारा, भेदरलेला माणूस असतो. ती बर्फाचे भाले उचलते आणि हवेतच थांबवते. मारत नाही. पण माफही करत नाही, आणि तसं स्पष्ट सांगते. माफ करते ती झुकोला. मुलांच्या मालिकेत एवढा बारीक फरक कुणी केलेला मी पाहिला नव्हता. त्यापुढे शेवटी आंग ओझाईला न मारता त्याची फक्त शक्ती काढून घेतो, ते मला जरा सोयीचं वाटलं. हा उपाय एक प्राचीन महाकाय कासव ऐनवेळी येऊन देतं! मुलाला हे अजिबात मान्य नाही.

एका बाबतीत मात्र प्रेक्षक आणि समीक्षक सहसा एका सुरात बोलतात: सगळ्यात तळाला पहिल्या पर्वातला ‘द ग्रेट डिव्हाइड’. मालिका करणाऱ्यांनीही पुढे ‘एम्बर आयलंड प्लेअर्स’ या भागात त्याची थट्टा केली. नायकांवरच्या नाटकात ती दरी येते आणि पात्रं म्हणतात, सोडा, उडत पुढे जाऊ. शंभर वर्षं भांडणाऱ्या दोन टोळ्या, आणि आंग त्यांच्या पूर्वजांबद्दल सरळ एक खोटी गोष्ट रचून त्यांच्यात सुलह घडवतो. रटाळ आहे, खरंच. पण दोन माणसांत सलोखा व्हावा म्हणून बोललेलं खोटं चालतं का, हा वाद आमच्या घरी सासऱ्यांच्या काळापासून चालत आलाय. त्यामुळे जेवताना सगळ्यात जास्त बोलणं झालं ते या तळाच्या भागावर. सासूबाईंचं मत: चालतं. मुलाचं मत: त्या टोळ्यांना एक दिवस कळलंच असणार, मग काय?

दोन्ही पानं अजून फ्रिजवर चिकटवलेली आहेत. लेकीने खाली तिसरी यादी माझ्या नावाने सुरू केलीय, तिच्यात एकच ओळ भरलीय. चौथ्या यादीवर ‘दादी’ असं नाव घातलंय. तिच्यातही एकच भाग आहे, आणि दादी म्हणतात दुसरा पाहायचा नाही.