अडवलेला कंटेनर आणि भाड्याचं मीटर

लखनौच्या आलमबागेत बसून हा माणूस बंदरावर काय बोलणार, असं वाटेल तुम्हाला. इथे रेल्वेचा कारखाना आहे, चारबाग स्टेशन जवळ आहे. समुद्र शेकडो मैल लांब. पण हल्ली बंदरच रुळांवरून आत येतं. न्हावाशेवाला जहाजातून उतरलेली पेटी सील न तोडता कानपूरच्या कोरड्या बंदरात येते आणि कस्टम्सचं काम तिथे होतं. याला आयसीडी म्हणतात. नागपूरला अजनी, संभाजीनगरजवळ माळीवाडा, हीच व्यवस्था.

माझ्या भाच्याने भरतकामाची यंत्रं मागवली. (चिकनकारी हाताचीच हवी, हे माझं मत. विचारतो कोण!) कागद चोख होते. पण शंका निघाली: हे ८४४७ सदरातलं भरतकामाचं यंत्र की ८४५२ मधलं शिलाईयंत्र? २०२० पासून देशभर चेहराविरहित आकारणी आहे; पेटी कानपुरात आणि प्रश्न विचारणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात. उत्तरं गेली, पुन्हा प्रश्न आले. तेवीस दिवसांनी त्याने लिहिलेलंच सदर बरोबर ठरलं. दंड एक रुपया नाही. बिलं मात्र दोन आली.

दोन का, ते समजून घ्या. माल ज्याच्या आवारात असतो तो ताबेदार जागेचं भाडं लावतो, म्हणजे डॅमरेज. शिवाय रिकामी पेटी वेळेत परत मिळाली नाही म्हणून जहाज कंपनी डिटेन्शन लावते. दोन्ही मीटरं फुकटचे दिवस संपले की धावतात, आणि उशीर कोणामुळे झाला हे मीटर विचारत नाही. मी फौजेत पुरवठ्याचं काम केलंय. वॅगन रिकामी करायला उशीर झाला की रेल्वे डॅमरेज लावी आणि आम्ही पत्रं लिहीत बसू. पण तो पैसा सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जायचा. इथे घरचा जातो.

कायदा काय म्हणतो? १९९५ साली ग्रँड स्लॅम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आयातदाराची चूक नसली, कस्टम्सने तसा दाखला दिला, तरी ताबेदाराला डॅमरेज मागता येतं. त्याने जागा दिली, राखण केली. त्याच्या बाजूने हे चूक नाही. मग २००९ च्या नियमांत आलं की कस्टम्सने जप्त केलेल्या किंवा अडवलेल्या मालावर ताबेदाराने भाडं घेऊ नये. पण त्याच वाक्यात ‘इतर कायद्याच्या अधीन राहून’ असे शब्द आहेत आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. जहाज कंपन्यांसाठी २०१८ ची नियमावली: पडताळणीसाठी माल अडवला आणि नोंदी बरोबर निघाल्या, तर डिटेन्शन मागायचं नाही, साठ दिवसांनंतरचं मात्र मागता येतं.

भाच्याचं घोडं अडलं ते एका शब्दावर. त्याचा माल नोंदीत ‘अडवलेला’ नव्हताच, ‘प्रश्न प्रलंबित’ होता. ताबेदाराच्या खिडकीवर म्हणाले, अडवल्याचा दाखला आणा. तो मागायचं त्याला सुचलंच नव्हतं. म्हणून सांगतो, पहिल्या आठवड्यातच लेखी अर्ज द्या: दाखला द्या, त्यावर तारखा लिहा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कस्टम्स कायद्याचं कलम १८. वर्गीकरणाचा वाद असेल तर हंगामी आकारणी मागता येते. बंधपत्र द्या, लागेल ती हमी द्या, माल घरी न्या; फरक निघाला तर नंतर भरा. तेही जमत नसेल तर कलम ४९ खाली माल सार्वजनिक गोदामात तात्पुरता हलवायची परवानगी मागा. पेटी रिकामी करून परत गेली की एक मीटर तर थांबतं. दलालाने हे आपणहून सुचवायला हवं. आमच्या दलालाने सुचवलं नाही.

आता दाखला मिळालाय. ताबेदाराने भाड्यातला काही भाग सोडला. जहाज कंपनीला २०१८ चा नियम दाखवून पत्र गेलंय, मसुदा माझाच. यंत्रं सुरू आहेत. दुपारी माझ्या खिडकीपर्यंत खडखड ऐकू येते.