दुखऱ्या नसेचे दुसरे काम

हाताच्या आतल्या बाजूवर नखाने जरा जोराने रेघ ओढून पाहावी. आधी रेघ लाल होते. मग तिच्या दोन्ही अंगांना, नख लागलेच नाही तिथेही, लाली पसरते. ती तिथे कशी पोहोचली?

वेदना वाहणारे मज्जातंतू त्वचेची बातमी मेंदूकडे नेतात, असे आपण शाळेत शिकलो. ते खरे, पण अपुरे. या तंतूला त्वचेत अनेक फाटे असतात. एका फाट्यातून निघालेला संदेश कण्याकडे जाता जाता दुसऱ्या फाट्यातून त्वचेकडेही वळतो आणि तिथल्या टोकाशी साठलेली द्रव्ये बाहेर पडतात. हीच न्यूरोपेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या.

त्यांतले 'सबस्टन्स पी' १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना लंडनमध्ये घोड्याच्या आतड्याच्या व मेंदूच्या अर्कात सापडले. 'पी' हे अक्षर पेनचे नव्हे, साध्या पावडरीचे! त्यातल्या ११ अमिनो आम्लांचा क्रम कळायला १९७१ साल उजाडले. दुसरे 'सीजीआरपी', ३७ अमिनो आम्लांचे. ते रक्तवाहिन्या रुंदावते. सबस्टन्स पी त्यांतून द्रव झिरपू देते. पहिल्याने लाली, दुसऱ्याने सूज.

सूज मज्जातंतूही आणतात याचा पुरावा मिरचीने दिला. पोर्तुगीजांनी जी आपल्याकडे आणली, तीच युरोपातल्या हंगेरीतही घरोघरची. तिथल्या मिक्लोश यान्चो यांनी मिरचीतले कॅप्सायसिन देऊन प्राण्यांचे हे तंतू निष्प्रभ केले. मग मोहरीचे झोंबरे तेल लावले तरी सूज येईना.

साहजिकच वाटले, सबस्टन्स पी अडवले की दुखणे थांबेल. तशी औषधे निघाली, पण माणसाच्या वेदनेवर ती फसली. त्यांचा उपयोग झाला तो कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांवर.

सीजीआरपीची गोष्ट निराळी. अर्धशिशीने अंधाऱ्या खोलीत पडून राहणाऱ्या बाईला 'कामाचा कंटाळा' हे शब्द किती घरांत ऐकावे लागले असतील! १९९० साली अशा झटक्यात मानेच्या शिरेतले रक्त तपासले, तेव्हा त्यात सीजीआरपी वाढलेले आढळले. ते अडवणारी प्रतिपिंडाची इंजेक्शने २०१८पासून मिळू लागली. सगळ्यांना गुण येत नाही. पण ज्यांना येतो त्यांचे महिन्यातले कित्येक दिवस मोकळे होतात.