कागदाबाहेरचा बिंदू

गेल्या महिन्यात एका कलाविद्यालयाच्या आवारातून जात असता जुन्या ड्रॉइंग-बोर्डांची चळत भंगारवाल्याच्या हातगाडीवर रचली जाताना मी पाहिली. वरच्या फळीवर टाचण्यांची असंख्य छिद्रे तशीच होती, आणि ती पाहताच पन्नास वर्षांपूर्वीचा काळ एकाएकी माझ्यासमोर उभा राहिला.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटची शालेय वर्षे आणि पुढे नोकरीत सरलेली तीस वर्षे यांत सांगण्याजोगे फारसे नाही. मन रेंगाळते ते १९७० नंतरच्या मुंबईतील दशकात. सर जे. जे. कलाशाळेतील उपयोजित कलेचा विभाग स्वतंत्र संस्था होऊन, म्हणजे १९६१ नंतर, दशक उलटले होते. तरीही जाहिरातीचे चित्र म्हणजे कनिष्ठ प्रतीचे काम, असे मानणारे पुष्कळ होते. तेथे आम्हांला यथादर्शन शिकविणारे सर मात्र पहिला आठवडा पेन्सिल उचलू देत नसत. आधी तुम्ही कोठे उभे आहात ते ठरवा, एवढाच त्यांचा हुकूम असे. व्ही. टी. स्थानकासमोरच्या फूटपाथवर उभे राहून इमारत रेखाटली आणि मग तेथेच बसून रेखाटली, की क्षितिजरेषा आपल्या डोळ्यांबरोबर खाली येते आणि सज्जांच्या रेषांचा उतार पालटतो, हे त्यांनी आम्हांला समजावले नाही, दाखविले. समांतर रेषा दूर जाऊन जेथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या दोन लोपबिंदूंपैकी एक बहुधा कागदाबाहेर पडे, तेव्हा फळीच्या कडेला टाचणी रोवून तीपासून दोरा ताणावा लागे.

पोस्टरच्या तासालाही तोच धडा निराळ्या वेषात पुढे येई. चित्र व्हरांड्याच्या टोकाला टांगून तीस पावले मागे जायचे. तेथून शिरोरेखा फिकी वाटली, मात्रा अक्षराला चिकटली, तर पुन्हा आरंभ. कमल शेडगे यांच्या नाट्यजाहिरातींची कात्रणे मी वहीत जपली होती. अक्षरांनीच नाटकाचा स्वभाव सांगण्याची ती किमया मला आजही थक्क करते.

पहिल्या नोकरीत, फोर्टातील एका कचेरीत, माझ्या छत्रीच्या पोस्टरवरील मोकळे आभाळ पाहून साहेबांनी, जागेचे पैसे मोजले आहेत म्हणून, तेथे मजकुराच्या तीन ओळी कोंबल्या. समोरच्या फूटपाथवरून त्यांतली एकही वाचता येत नव्हती. त्या निर्णयाला मी अद्यापि क्षमा केलेली नाही, कारण आज चौकाचौकांतील फ्लेक्सवर त्याचेच राज्य चालते: चाळीस चेहरे, दहा रंग, आणि पाहणारा किती अंतरावर उभा असेल याचा विचार करण्याची तसदी कोणीही घेतलेली नाही. संगणकाशी माझे वैर नाही, लोपबिंदू तो निमिषात अचूक देतो. परंतु पडद्यावर हातभर अंतरावरून चित्र जुळवून ते थेट रस्त्यावर टांगणारा विद्यार्थी ती तीस पावले कधी चालणार?

भंगारवाल्याकडून मी एक फळी वजनाच्या भावाने घेतली. कागदाची कड जेथे असावी तेथून एक पुसट पेन्सिलरेषा लाकडावरून सरळ छिद्रापर्यंत गेली आहे. ती फळीच्या तळाशी आहे. काढणारा जमिनीवर बसला असावा.