सां-क्लोदचं लाकूड

पाईप म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर लंडन उभं राहतं. जाणकार म्हणवणारेही पाईपचा इतिहास तिथल्याच दुकानांपासून सुरू करतात. मला हे कधीच पटलं नाही. ज्या पाईपवाल्या कोमॉय घराण्याला इंग्रज म्हणून मिरवतात, ते मूळचं फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सां-क्लोदचं. आंरी कोमॉय १८७९ साली लंडनला गेला तो गावची विद्या घेऊनच. कित्येक इंग्रज कंपन्या पाईपच्या वाट्या सां-क्लोदहून मागवत आणि वर आपला शिक्का मारत.

फ्रान्समधल्याच झिव्हे आणि सँतोमेरच्या मातीच्या पाईपांबद्दल पुष्कळ लिहून झालंय, त्यात शिरत नाही. सां-क्लोदचे कातारी पूर्वी यात्रेकरूंसाठी लाकडी जपमाळा करत. बियेन आणि ताकों या नद्यांच्या पाण्यावर त्यांची चाकं फिरत. पाईपही होत, पण त्यांचं लाकूड आचेला पुरेसं टिकत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रायर झुडपाचं लाकूड आलं आणि गावाचं नशीब पालटलं.

ब्रायरची खरी कारागिरी कातयंत्रावर चढण्याआधीच सुरू होते. भूमध्य समुद्राकाठच्या या झुडपाचं खोड आणि मुळं जिथे जुळतात तिथे गाठ धरते. ती वाढायला दशकं लागतात. खणून काढलेली गाठ ओलीच ठेवतात, नाहीतर तडकते. मग गोल करवतीसमोर बसलेला माणूस ती हातात फिरवत कुठे कापायचं ते ठरवतो. दात बोटांपासून जेमतेम अंतरावर, आणि गाठीत खडे, भेगा कुठे दडल्यात ते बाहेरून दिसत नाही. निघालेल्या ठोकळ्याला तिकडे एबोशों म्हणतात. ते ठोकळे हंड्यात तासन्‌तास उकळून टॅनिन काढायचं आणि महिनोन्‌महिने वाळू द्यायचे. एवढं करून कातल्यावर ऐन वाटीत वाळूचं भोक उघडं पडतं. निर्दोष वाटी म्हणूनच दुर्मीळ आणि महाग.

पण माझा जीव गुंतलाय तो चेरीच्या पाईपात. ल्योन रॉपने १८६९ साली त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे बोम-ले-दामला कारखाना थाटला. ब्रायरवाले या पाईपला खेडवळ म्हणून नाक मुरडतात. त्यांनी तो हातात घेऊन पाहिलेला नसतो. जंगली चेरीची फांदी, तिची साल तशीच ठेवलेली. सालीवर आडव्या बारीक रेघा, उजेडात धरली की तांबूस चमकते. बूड सपाट, त्यामुळे मेजावर ठेवला की पाईप आपला आपण उभा राहतो. दांडीही फांदीचीच. वरच्या कडेला साल संपून लाकूड सुरू होतं, तिथे वाढीची वर्तुळं मोजता येतात. लाकूड लपवायचं नाही, एवढंच या पाईपात पाळलेलं असतं. नंतर रॉप हे नावही सां-क्लोदलाच गेलं.

मधल्या काळातल्या जीबीडी, ब्युत्स-शोकँ, शाकॉम या पाईपकंपन्यांच्या वंशावळी हौशी मंडळी पाठ म्हणतात. सां-क्लोदच्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या, स्वतःचं लोकगृह बांधलं, हे मात्र त्यांच्या लेखांत एका ओळीतही नसतं. १९६६ साली उस्ताद पाईपकारांचं मंडळ स्थापन झालं, तेव्हाही कारखाने गजबजलेले होते. आज मोजकेच उरलेत.

उरलेल्या धंद्यातही मला सलतं ते वेगळंच. बाजारात येणाऱ्या बहुतेक स्वस्त पाईपांवर गडद रंग आणि जाड वार्निश असतं. खालची भोकं लांबीने बुजवलेली असतात आणि वार्निशने ती झाकली जातात. जुन्या पाईपाला हात लावण्याआधी लोक शिक्का वाचतात. मी वाटी उलटी करतो. गाठ नीट कापली असेल तर बुडाशी किंवा बाजूला ठिपक्यांचा दाट गुच्छ दिसतो, फ्रेंच त्याला तित्तिराचा डोळा म्हणतात, आणि त्या ठिपक्यांपासून वर जाणाऱ्या रेघा सरळ असतील तर करवत धरणाऱ्या माणसाने गाठ ओळखून कापली होती.