धनुष्कोडी: बोटीसाठी बांधलेलं स्टेशन

आपल्याकडे काशी-रामेश्वर एका दमात म्हणतात. सेतूची वाळू प्रयागला नेऊन सोडायची, गंगेचं पाणी रामेश्वराला घालायचं, तेव्हा यात्रा पुरी होते. सेतूचं स्नान धनुष्कोडीला. तिथवर रेल्वे गेली ती मात्र सिलोनची बोट गाठण्यासाठी.

१९१४च्या फेब्रुवारीत रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा पूल खुला झाला आणि मद्रासची ‘बोट मेल’ तुतिकोरिन सोडून इकडे येऊ लागली. पांबनहून मुख्य लाइन थेट धनुष्कोडीला जाई. रामेश्वरासारखं क्षेत्र फाट्यावर! मद्रासच्या एग्मोर स्टेशनावर काढलेलं तिकीट कोलंबोपर्यंत चाले. गाडीतून उतरायचं, कस्टमची तपासणी उरकायची, आगबोटीत बसायचं, की पस्तीसेक किलोमीटरवर तलैमन्नारला पुढची गाडी उभी. चहाच्या मळ्यांकडे निघालेले तमिळ मजूरही याच वाटेने गेले, त्याआधी मंडपमच्या छावणीत त्यांना क्वारंटाइनमध्ये ठेवत. सिलोनचा चहा कुणाच्या हातांनी पिकला हे सांगताना या स्टेशनाचं नाव यायलाच हवं.

२२ डिसेंबर १९६४, चक्रीवादळाची रात्र. पांबनहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटलेली ६५३ नंबरची पॅसेंजर स्टेशनाच्या तोंडाशी आली, तर सिग्नल बंद. ड्रायव्हर थोडा वेळ थांबला, मग लांब शिटी देऊन त्याने गाडी पुढे काढली, असं सांगतात. सहा डब्यांची ती गाडी समुद्राने ओढून नेली. आतली शंभरावर माणसं गेली. स्टेशन गेलं, गावही गेलं.

पांबनच्या पुलाचे बहुतेक गर्डर पाण्यात पडले. बोटींसाठी उघडणारा गाळा तेवढा टिकला. पुढे कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन तेव्हा तरुण इंजिनिअर होते. त्यांनी पडलेले गर्डर समुद्रातून वर काढून पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत पूल चालू केला. पण तो रामेश्वरपुरताच. धनुष्कोडीची लाइन परत घातली नाही. सरकारने गाव राहायला अयोग्य ठरवलं, बोट रामेश्वरहून सुटू लागली, आणि १९८०च्या दशकात, श्रीलंका यादवीत होरपळू लागल्यावर, तीही बंद पडली.

आज स्टेशनाच्या पडक्या भिंतींजवळून डांबरी रस्ता थेट टोकापर्यंत जातो. ‘अयोग्य’ ठरलेल्या या जागी कोळी कुटुंबं अजून राहतात, वाळूत खड्डा खणून गोडं पाणी काढतात. २०१९मध्ये नव्या लाइनची कोनशिला बसली, काम पुढे सरकलं नाही. दोन्ही बाजूंनी समुद्र असलेली ती वाळूची पट्टी पाहता, आणि पलीकडे नेणारी बोटच नसताना, मला ते योग्य वाटतं. खर्च करायचाच तर आधी या कुटुंबांच्या पाण्यावर व्हावा.